गुहागर, वरचा पाट: लहानग्यांना घेऊन राहावं असं वाडीतलं घर

घराचं नाव मी लिहिणार नाही. पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत आणि निघताना घर चालवणाऱ्या काकूंनी सांगितलं, "ताई, चांगलं लिहा नाहीतर वाईट लिहा, पण नाव घालू नका. मे महिन्यात फोन घेता घेता स्वयंपाक राहतो." शब्द दिलाय, तो पाळते. तशी घरगुती निवासाची घरं गुहागरला वरच्या पाटातही आहेत आणि खालच्या पाटातही; हे गावाचेच दोन भाग. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर त्यातलं घर कसं निवडायचं आणि तिथला दिवस कसा घालवायचा, हे मला या तीन दिवसांत फार नीट दिसलं, म्हणून लिहायला बसले.

मी कराडची. ३१ वर्षं बालवाडी चालवली. आता नात पावणेतीन वर्षांची आहे आणि नातू दीड वर्षाचा. लेक-जावई, मुलगा-सून, आम्ही दोघं आणि ही दोन पिल्लं, असे फेब्रुवारीत संकष्टी धरून तीन दिवस गेलो. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर असा रस्ता. घाटाच्या आधी हेळवाकला गाडी थांबवून मुलांना अर्धा तास मोकळं सोडलं आणि खायला घालायचं ते घाट उतरून मगच घातलं. दोघांपैकी कुणालाही उलटी झाली नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दुसऱ्या एका गावी मोठ्या रिसॉर्टवर गेलो होतो. जाहिरातीत मुलांसाठी खास खेळायची जागा दाखवली होती. जागा होती, पण सकाळी साडेदहाला प्लास्टिकची घसरगुंडी इतकी तापली होती की नातीच्या मांडीला चटका बसला. खाली हिरवी नकली लॉन, तीही तापलेली. सावली कुठेच नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चढता येईल असं तिथे एकही खेळणं नव्हतं, सगळं सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मापाचं. पैसे मोजून आम्ही दोन दिवस खोलीत बसून मुलांना मोबाइल दाखवला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून या वेळी घर मी शोधलं. फोनवर चारच प्रश्न विचारले. अंगणाला फाटक आहे का? घरापासून समुद्रापर्यंत जाताना रस्ता ओलांडावा लागतो का? विहिरीवर जाळी आहे का? दीड वर्षाच्या मुलासाठी साडेअकराला मऊभात मिळेल का? काकूंनी चारही उत्तरं न अडखळता दिली आणि वर स्वतःहून विचारलं, "बाळाला गाईचं दूध चालतं का? आमच्याकडे आहे."

गुहागरची रचनाच लहान मुलांसाठी केल्यासारखी आहे. गावातून समुद्राला समांतर एक रस्ता जातो. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी, वाडीच्या टोकाला बेडं किंवा फाटक, आणि त्यापलीकडे सुरूची झाडं आणि वाळू. म्हणजे मूल घरातून निघालं की समुद्रापर्यंत एकही गाडी आडवी येत नाही. आमच्या वाडीतून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जायला माझी दोनशे दहा पावलं झाली. नातवाच्या चालीने तेच अंतर पंचवीस मिनिटांचं, कारण वाटेत गाय आहे, वासरू आहे, पाण्याचा पाट आहे, पडलेली झावळी आहे, आणि प्रत्येकाशी त्याला थांबून बोलायचं असतं. ही पंचवीस मिनिटं घाई न करता त्याला देता आली, याच गोष्टीसाठी मी या घराला पूर्ण गुण देईन.

पहिला दिवस मात्र आमचा फुकट गेला, आणि त्यात घराचा काही दोष नाही. जावयांनी प्रेमाने यादी केली होती: हेदवीचा दशभुज गणपती, बामणघळ, वेळणेश्वर, गोपाळगड. सगळी ठिकाणं सुंदरच आहेत. पण मुलं गाडीत झोपली की आम्ही पोचायचो, जागी केली की रडायची, रमायला लागली की निघायची वेळ. बामणघळीला तर खडकातल्या चिरेतून पाणी उसळतं, तिथे दीड वर्षाच्या मुलाला कडेवरून खाली ठेवायचीसुद्धा सोय नाही. संध्याकाळी दोघंही कुरकुरत, न जेवता झोपली. त्या रात्री मी सगळ्यांना ओटीवर बसवून सांगितलं की उद्या गाडीची किल्ली काकूंकडे द्यायची. उद्या आपण कुठेही जायचं नाही.

मग काकूंच्या घरच्या नानांनी एक हिशोब शिकवला, तो मी वहीत लिहून घेतलाय. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात ती अशी: त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशोब नाही, पण लहान मुलांचा दिवस आखायला पुरेसा आहे.

आता बघा, मुलांना पुळणीवर न्यायच्या वेळा दोनच: सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सूर्यास्त. मधलं ऊन फेब्रुवारीतही सोसत नाही. तिथी तृतीया ते पंचमी असेल तर सकाळच्या त्या दोन तासांत पाणी मागे हटत असतं किंवा तळाच्या आसपास असतं, आणि संध्याकाळीही भरती पाचच्या आधीच होऊन गेलेली असते. दोन्ही वेळी ओली, घट्ट, रुंद वाळू मोकळी मिळते. पुनवेच्या आसपास गेलात तर सकाळी आठला पाणी वर चढत असतं. दीड वर्षाचं मूल पाण्याकडे पाठ करून बसलेलं असताना चढतं पाणी नको. आम्ही संकष्टीला तिथे होतो हा निव्वळ योग. पुढच्या वेळी योगावर सोडणार नाही.

दुसरा दिवस मी तासातासाने लिहीत नाही, कारण तो तसा गेलाच नाही. मुलं साडेसहाला उठली आणि थेट न्हाणीघराबाहेरच्या बंबापाशी गेली. नाना नारळाची सोडणं घालून पाणी तापवत होते. नात दोन हात लांब उभी राहून धूर बघत होती आणि नाना तिला सांगत होते, "हे सोडण, ही करवंटी, आत खोबरं." तिने तीनही शब्द दिवसभर पुरवून वापरले. खायला मुलांना मऊभात, वर तूप आणि मेतकूट. मोठ्यांना घावनं आणि नारळाचा गोड रस. धाकट्याने घावनाची जाळी डोळ्याला लावून त्यातून आईकडे पाहिलं आणि मगच खाल्लं.

पुळणीवर नेलेल्या सामानाबद्दल थोडं सांगायला हवं. सुनेने छान रंगीत बादली-फावड्याचा संच आणला होता. मी स्वयंपाकघरातून दोन स्टीलच्या वाट्या, एक पळी आणि काकूंकडून मागून दोन करवंट्या घेतल्या. संच पहिली दहा मिनिटं चालला. त्यातलं फावडं दीड वर्षाच्या मनगटाला जड होतं आणि साचे कोरड्या वाळूत उठत नव्हते. करवंटी मात्र मुठीत बसते, तिच्यात वाळू मावते, पाणी मावतं, पालथी घातली की देऊळ होतं. दोघांनी दोन्ही दिवस करवंट्या सोडल्या नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. आम्हाला हे प्रशिक्षणात शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या बालवाडीला अंगण म्हणजे दहा फुटांची फरशी होती. त्यामागचं खरं कारण मला नातवाच्या मुठीतली करवंटी बघून आतून कळलं.

आणि ते खेकडे. ओहोटीला ओल्या वाळूवर बोराच्या आठोळीएवढी भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी असते, किरणांसारख्या ओळी काढलेली. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं तेवढं वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. धाकटा त्या नक्षीपाशी उकिडवा बसला. आधी एक गोळी बोटाने दाबली, ती मोडली. दुसरी दाबली, तीही मोडली. मग त्याने हात मागे घेऊन गुडघ्यांवर ठेवले आणि नुसता बसून राहिला. तो गप्प बसल्यावर दोन मिनिटांनी भोकातून खेकडा वर आला आणि कामाला लागला. नातवाने श्वास रोखून धरला होता. सावली हलली की खेकडा आत, मूल स्थिर झालं की पुन्हा बाहेर. हे वीसेक मिनिटं चाललं. माझा मुलगा फोटो काढायला उठत होता, मी त्याचा हात धरून खाली बसवला. दीड वर्षाचं मूल एका गोष्टीवर पाच मिनिटं टिकत नाही असं म्हणणाऱ्या आयांना मी इतकी वर्षं समजावत आले. त्यांच्यापैकी एखादी तरी त्या वेळी शेजारी हवी होती.

पाण्यात आम्ही घोट्यापलीकडे नेलं नाही. समुद्र शांत दिसला तरी नाही. नियम असा केला होता की एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाने "आता तू बघ" असं तोंडाने सांगून, समोरच्याचं "हो" ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. सहा मोठे असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय, आणि घात तिथेच होतो. सुरूच्या सावलीत चादर टाकलीत तर आधी जागा हाताने साफ करून घ्या. सुरूच्या वाळलेल्या सुया मऊ असतात, पण त्यांच्यात लपलेली बारीक बोंडं पायाला फार टोचतात.

साडेनऊला परत. अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना पुसायची नाही, कातडी सोलवटते. वाडीतून चालत येईपर्यंत ती सुकते, मग सुती फडक्याने झटकली की निघते. अंगणात घमेल्यात कोमट पाणी घालून दोघांना बसवलं. घमेल्यातल्या पाण्यापाशीही मी स्वतः बसून होते आणि मुलं उचलली की आधी पाणी ओतून टाकलं. एवढंसं पाणीसुद्धा या वयाला धोक्याचं असतं. साडेअकराला जेवण, बाराला दोघंही झोपली ती अडीचपर्यंत. घरी धाकटा दुपारी पाऊण तासावर झोपत नाही.

दुपारनंतर वाडी. वाडीचं शिंपण चालू होतं. विहिरीचं पाणी मोटारीने पाटात सोडलेलं, पाट एका पोफळीच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळतो. नाना फावड्याने मातीचा बांध मोडायचे की पाणी वळायचं, घातला की थांबायचं. नातीला हे इतकं आवडलं की तिने तिच्या पळीने स्वतःचा वीतभर पाट काढला. नानांनी खरोखरच त्यात पाणी सोडून दिलं. पाणी पळीच्या पाटातून पुढे गेलं तेव्हा ती नाचली नाही, ओरडली नाही, नुसती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, गेलं." मग माझ्या मुलाने पोफळीच्या वाळक्या झावळीच्या रुंद विरीवर, म्हणजे देठाकडच्या आवरणावर, तिला बसवून वाडीभर ओढत नेलं. आमच्या लहानपणी आजोळी आम्ही हाच खेळ खेळायचो.

आता उणं ते सांगते, कारण ते न सांगता लिहिणं बरोबर नाही.

विहिरीवर जाळी आहे हे खरं, पण पंपाच्या पाइपासाठी एका कोपऱ्यात ती कापलेली आहे आणि तिथून लहान मूल सहज जाईल एवढी फट राहते. फोनवर हे कळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी दाखवलं, नानांनी लगेच वर फळी टाकून तिच्यावर दगड ठेवला. पण हे कायमचं पक्कं व्हायला हवं आणि मी ते काकूंना स्पष्ट सांगितलंय. कुठल्याही वाडीत राहायला गेलात तरी सामान उतरवण्याआधी विहीर स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पडवीतला झोपाळा जड सागवानी आहे आणि त्याची कड बरोबर दीड वर्षाच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीला येते. मागितल्यावर त्यांनी तो कड्यांना वर अडकवून ठेवला. न्हाणीघराच्या पायरीवर शेवाळ होतं, तिथे माझा पाय सटकला. संध्याकाळी सहानंतर वाडीत डास भयंकर. मुलांना त्या वेळी वाडीत ठेवूच नका, एकतर पुळणीवर न्या नाहीतर खोलीत. खोलीला मच्छरदाणी आहे, पण एका पलंगाचीच, म्हणून घरून एक घेऊन जा. आणि माडाखाली मुलांना बसवायचं नाही, हे काकूंनी आम्ही आल्या आल्याच सांगितलं. त्या दिवशी सकाळीच नारळ उतरवणारा पाडेली येऊन गेला होता, तरीसुद्धा. बसायचं ते पोफळीच्या बाजूला किंवा आंब्याखाली. खाली पडलेल्या सुपाऱ्या मात्र सतत वेचाव्या लागतात, त्या नेमक्या घशात अडकतील एवढ्या असतात. धाकट्याच्या तोंडातून मी दोनदा बोट घालून काढल्या. खेळायला आम्ही त्याला अख्खा असोला नारळ दिला, तो ढकलत तो वाडीभर फिरला.

खोलीला रात्रीचे २,००० रुपये घेतले, मोठ्यांचं साधं जेवण १८० रुपये. मुलांच्या मऊभाताचे आणि दुधाचे पैसे काकूंनी लावले नाहीत, मी आग्रह केला तरी नाही. गरम पाणी सकाळीच मिळतं, संध्याकाळी आधी सांगावं लागतं. टीव्ही खोलीत नाही. शहाळी वाडीतलीच, मागाल तेव्हा. गुहागर तालुक्याचं गाव असल्याने औषधाची दुकानं आणि ग्रामीण रुग्णालय गावातच आहे, लहान मुलं बरोबर असताना मला याचा मोठा आधार वाटला.

संध्याकाळी पुन्हा पुळणीवर गेलो. उंट आणि घोडागाडी बाजारपेठेच्या बाजूला असतात, वरच्या पाटाकडे गर्दी अगदी कमी. मुलांनी सकाळच्याच जागी जाऊन आपली देवळं शोधली. ती दुपारच्या भरतीने नेली होती आणि खेकड्यांची नक्षीही पुसली होती. नात थोडा वेळ उभी राहिली आणि मग करवंटी घेऊन कामाला लागली. धाकटा वाळूवर पालथा पडून नुसते हातपाय हलवत होता. आम्ही सहा जण ओळीने बसलो होतो आणि कुणीही "चला, आता पुढे" म्हणालं नाही. सूर्य बुडाला, वाडीतून येईपर्यंत दोघं खांद्यावर पेंगली होती. सव्वासातला दहीभात खाऊन झोपली.

संकष्टीचा माझा उपास होता. चंद्रोदय साडेनऊनंतरचा. मुलं झोपलेली, आम्ही ओटीवर गप्पा मारत बसलेलो, आणि काकूंनी केळीच्या पानावर उकडीचे मोदक आणले. पारी इतकी पातळ की आतलं गुळाचं सारण बाहेरून पिवळसर दिसत होतं, वर घरच्या गाईचं तूप. मी खूप वर्षांनी पाच खाल्ले. मोदक मागणीनुसार करतात, ३५ रुपयांना एक, आदल्या दिवशी सांगावं लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन तास पुळण, मग आंघोळी आणि निघालो. गाडीत सामान भरून झाल्यावर जावई काकूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचं कालनिर्णय उलटायला लागले. काकूंनी विचारलं, "पुढच्या खेपेला कुठली तारीख धरू?" ते म्हणाले, "तारीख मागाहून कळवतो काकू. डिसेंबरातली वद्य तृतीया ते पंचमी, तेवढी खोली धरून ठेवा."